शंका घेणाऱ्याचं देणं

दुकान टाकताना पतसंस्थेकडून घेतलेलं कर्ज कधीच फिटलं. दाखला मिळाला, जामीनदार मोकळे झाले, विषय संपला. दुसरं एक देणं मात्र अजून माझ्या नावावर आहे आणि ते फिटण्यातलं नाही. ते आकुर्डीतल्या एका क्वालिटी इन्स्पेक्टरचं आहे. त्यांना कॉम्प्युटर चालू करता यायचा, बंद कसा करायचा ते मात्र दर वेळी विचारायचे. तरीही मेमरी कशी तपासायची, तिचा वेग कसा मोजायचा आणि ‘हे यंत्र भरवशाचं आहे’ असं गिऱ्हाइकाला कधी म्हणायचं, हे मला त्यांनीच शिकवलं. त्यांचं नाव इथे देत नाही. ते त्यांना आवडलं नसतं. आम्ही सगळे त्यांना काकाच म्हणायचो.

आकुर्डी बाहेरच्या माणसाला रस्त्यावरूनच माहीत असते. पुणे-मुंबई रस्ता, बजाज ऑटोचा कारखाना, खंडोबा माळाचा चौक, स्टेशनाकडे प्राधिकरणाच्या आखीव पेठा. जुन्या गावात विठ्ठल मंदिर आहे. देहूहून निघालेली तुकोबांची पालखी इथे मुक्कामाला असते. माझं लहानपण गेलं ते मात्र शिफ्टच्या भोंग्यावर. चाळीत कुणाची फर्स्ट, कुणाची सेकंड, कुणाची नाइट. त्यामुळे दिवसाच्या कोणत्याही वेळी कुणाचा ना कुणाचा बाप झोपलेला असायचा आणि आम्हाला आवाज न करता खेळावं लागायचं. टर्नर, फिटर, टूल रूमवाले, हेल्पर अशी ही वस्ती. इथे बायकासुद्धा ‘रिजेक्शन’ आणि ‘रिवर्क’ हे शब्द घरातल्या भाजीइतक्या सहज वापरत.

अशा गावात मी नव्वदच्या दशकाच्या शेवटी कॉम्प्युटर जोडायला लागलो. ते असेंबल्ड पीसीचे दिवस होते. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून माल यायचा. कॅबिनेट, मदरबोर्ड, प्रोसेसर, रॅमची पट्टी, हार्ड डिस्क हे सगळं स्क्रू ड्रायव्हरने एकत्र बसवायचं, विंडोज टाकायची, पडद्यावर निळं आकाश दिसलं की मशीन गिऱ्हाइकाच्या घरी. बिघाड झालाच तर पहिला उपाय सगळीकडे एकच: रॅम काढा, तिच्या सोनेरी पट्ट्या खोडरबराने पुसा, परत दाबून बसवा. संपर्काच्या जागी मळ साचलेला असतो, त्यामुळे हा उपाय बऱ्याचदा लागूही पडतो. आणि लागू पडतो म्हणूनच त्यापुढे कुणी काही विचारत नाही.

काका मुलीसाठी मशीन घ्यायला आले. ती इंजिनिअरिंगला होती. मी मशीन चालू करून दाखवलं, गाणं वाजवून दाखवलं. काकांनी विचारलं, “किती वेळ चालवून बघितलंस?”

“काका, चालू झालंय की.”

“चालू झालंय ते दिसतंय मला. टिकेल का, ते विचारतोय. ह्याचं गेज कुठलं?”

गेज म्हणजे काय ते आकुर्डीच्या पोराला सांगावं लागत नाही. भोक तपासायचं गेज दोन तोंडांचं असतं. ‘गो’ बाजू आत गेली पाहिजे आणि ‘नो-गो’ बाजू जाता कामा नये. काकांचं म्हणणं असं, की बहुतेक माणसं गो बाजू लावतात आणि खूश होतात. तपासणी खरी होते ती नो-गो बाजू लावल्यावर. जी चाचणी नापास करूच शकत नाही, तिला त्यांच्या लेखी चाचणी म्हणतच नसत. मी गाणं वाजवून दाखवलं ती गो बाजू होती. नो-गो कुठली, हे मला माहीत नव्हतं, आणि ते शोधायला त्यांनी मला भाग पाडलं.

शोधता शोधता मेमटेस्ट-८६ नावाचा प्रोग्राम हाती लागला. क्रिस ब्रेडी या प्रोग्रामरने १९९४ मध्ये तो लिहून मोफत वाटायला सुरुवात केली होती. एका फ्लॉपीत मावायचा. त्या फ्लॉपीवरून मशीन सुरू केलं की विंडोज वगैरे काही येतच नसे. फक्त निळा पडदा आणि त्यावर पळणारे आकडे. मेमरीच्या प्रत्येक घरात ठरावीक नमुना लिहायचा, वाचून पडताळायचा, मग त्याचा बरोबर उलटा नमुना लिहायचा, पुन्हा पडताळायचा. आधी खालून वर, मग वरून खाली. एका घरात लिहिताना शेजारच्या घरातलं बिघडतंय का, हे त्यातून कळतं. एका चाचणीत तर नमुना भरून काही वेळ मेमरीला हातच लावत नाहीत आणि मग बघतात, आठवण शाबूत आहे का. चूक सापडली की पडद्यावर लाल ओळ: कोणता पत्ता, काय हवं होतं, काय मिळालं, नेमका कोणता बिट फिरला.

काकांनी तो पडदा बघितला आणि स्टूल ओढून समोर बसले. “हा इन्स्पेक्शन रिपोर्ट आहे की रे. अपेक्षित माप, आलेलं माप, फरक. लिहिणारा माणूस शॉपवरचा असणार.” क्रिस ब्रेडी शॉपवरचे होते की नाही ते सोडा, पण एवढी मोठी दाद त्या प्रोग्रामला दुसऱ्या कुणी दिल्याचं मी ऐकलं नाही.

त्यांचा पुढचा प्रश्न मेमरी विसरते कशी, हा होता. आपण वापरतो ती डायनॅमिक रॅम आयबीएममधल्या रॉबर्ट डेनार्ड यांना १९६६ मध्ये सुचली. १९६८ मध्ये त्यांना पेटंट मिळालं आणि १९७० मध्ये इंटेलची ११०३ ही चिप बाजारात आली. तिच्यात एक किलोबिट मावायचा. कल्पना विलक्षण साधी. एक ट्रान्झिस्टर आणि एक इवलासा कपॅसिटर, त्यात विजेचा भार असला तर एक, नसला तर शून्य. हा भार म्हणजे जेमतेम लाखाच्या आसपास इलेक्ट्रॉन, आणि तेही पाझरत्या माठातल्या पाण्यासारखे सतत गळत असतात. म्हणून ठरावीक वेळाने प्रत्येक ओळ वाचून पुन्हा भरावी लागते. मेमरीच्या मानकाप्रमाणे सगळी घरं ६४ मिलिसेकंदांच्या आत एकदा तरी भरली गेली पाहिजेत. २५६ एमबीच्या पट्टीत अशी दोनशे चौदा कोटींहून जास्त घरं असतात आणि सेकंदाला पंधराएक वेळा ती सगळी भरली जातात. एखादं घर इतरांपेक्षा लवकर गळत असेल तर मशीन चालू होईल, गाणंही वाजेल. एखाद्या दुपारी मात्र एकाचं शून्य होईल आणि कुणाला पत्ता लागणार नाही.

काकांनी ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाले, “म्हणजे उन्हाळ्यात तपासलं पाहिजे.”

ते वाक्य पुढे भोसरीत उपयोगी पडलं. काकांच्या ओळखीच्या एका छोट्या कारखान्यात सीएनसी लेथवर एका मोठ्या कंपनीसाठी पिना व्हायच्या. प्रोग्राम कॉम्प्युटरवर साठवलेला असे आणि केबलने मशीनला पाठवला जाई. एक दिवस पहिल्या नगाचा व्यास ४०.०५ ऐवजी ४०.८५ आला. ऑपरेटरने शपथेवर सांगितलं, मी काही बदललेलं नाही. मालकाला ते पटेना. काका तिथे सुटीच्या दिवशी मदतीला जात. त्यांनी जुनी छापील प्रत आणि मशीनला गेलेला प्रोग्राम ओळीला ओळ लावून वाचले. हजारो अक्षरांत फरक एकाच अक्षराचा होता: शून्याच्या जागी आठ.

ते मशीन माझ्याकडे आलं. शून्य हे अक्षर कॉम्प्युटर ४८ या आकड्याने साठवतो आणि आठ हे ५६ या आकड्याने. दोन्हींत फरक फक्त एका बिटचा. बोट चुकलं असतं तर शून्याच्या शेजारचं नऊ उमटायची शक्यता जास्त होती. एक बिट फिरला तर नेमकं आठ उमटतं. केबलवरून जाताना प्रत्येक अक्षराची पॅरिटी तपासली जाते, पण अक्षर मेमरीतच बिघडलेलं असेल तर पॅरिटी त्या बिघडलेल्या अक्षराचीच निघते आणि सगळं ठीक दिसतं.

माझ्या दुकानात रात्रभर मेमटेस्ट लावली. एकही लाल ओळ नाही. काका म्हणाले, “माल जिथं चालायचा तिथं तपास.” मशीन परत भोसरीला नेलं. वर पत्रा, बाजूला कॉम्प्रेसर, एप्रिलची दुपार. कॅबिनेटच्या मागच्या जाळीवर धुळीचा आणि तेलाचा थर होता. तो मुद्दाम तसाच ठेवून चाचणी लावली. तापमान वाढलं की कपॅसिटरची गळती वाढते. पुढे आलेल्या मेमरीच्या मानकांत तर लिहूनच ठेवलंय, की चिप ८५ अंशांच्या वर गेली तर भरण्याचा वेग दुप्पट करा. त्या दुपारी जेवणाच्या सुटीनंतर पडद्यावर लाल ओळ आली, आणि फिरलेला बिट तोच होता, चौथा.

मग काकांची पद्धत सुरू झाली. दोन पट्ट्या होत्या. एक काढून दुसरी तपासायची, मग तीच दुसऱ्या खाचेत बसवून तपासायची. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि प्रत्येक वेळी वहीत लिहायचं. दोष खाचेचा नव्हता, पट्टीचाच होता. नवी पट्टी घातली. मालकाने ऑपरेटरला चहा पाजला आणि त्या पोराची नोकरी राहिली. काकांना आनंद झाला तो त्याचा. “मशीन खोटं बोलत होतं आणि शिव्या माणूस खात होता,” असं ते पुढे कितीदा तरी सांगायचे.

त्या सुमारास आकुर्डी आणि निगडीच्या कॉलेजांतली पोरं दुकानात यायला लागली. त्यांचं वेड वेगळं होतं, ओव्हरक्लॉकिंगचं. १९९८ मध्ये इंटेलचा सेलेरॉन ३००-ए आला होता. तो ६६ मेगाहर्ट्झच्या बसवर साडेचार पटीने चालायचा, म्हणून तीनशे. बस १०० वर नेली की तोच प्रोसेसर ४५० ला पळायचा, आणि पुष्कळदा कुरकुर न करता. स्वस्तात महागाचा वेग! पोरं बायॉसमध्ये जाऊन आकडे वाढवायची, विंडोज आली की नाचायची.

मला वाटलं होतं काका या प्रकाराला नावं ठेवतील. त्यांनी उलट बारीक चौकशी केली. मर्यादेच्या पुढे चालतं म्हणजे मुळात ती मर्यादा ठरवली कुणी? मी सांगितलं: कारखान्यात चिप तपासून वेगानुसार वेगळ्या करतात, आणि छापलेल्या वेगात बरीच सूट राखलेली असते, वाईटात वाईट उन्हाळा, कमीत कमी व्होल्टेज, वर्षानुवर्षांची झीज, हे सगळं धरून. काकांचा चेहरा उजळला. हे तर टॉलरन्सचंच शास्त्र. त्यांनी पोरांना तिथेच एक नियम घालून दिला, तो मी अजून दुकानात सांगतो: मार्जिन खायचं असेल तर आधी मोजा. कुठे पडतं ते शोधा, आणि मग तिथून मागे या. चाललं तिथेच थांबलात तर कड्याच्या किती जवळ उभे आहात ते कळणारच नाही.

कुठे पडतं ते शोधायचं म्हणजे काय, हे पोरांना नीट शिकावं लागलं. बस ८३ मेगाहर्ट्झवर नेली की अनेक मदरबोर्डांवर पीसीआय बस ३३ ऐवजी ४१ वर जायची. मेमरी टिकायची, पण हार्ड डिस्कवर लिहिलेलं बिघडायचं. १०० वर पीसीआयला वेगळा भागाकार मिळायचा आणि ती पुन्हा ३३ वर यायची. म्हणजे जास्त वेग सुरक्षित आणि कमी वेग धोक्याचा! नुसत्या अंदाजाने हे कुणाला सुचलं नसतं.

शिवाय एकटी मेमटेस्ट पुरत नाही. तिच्यात प्रोसेसरवर मोठा ताण येत नाही, कॅबिनेट तापत नाही. म्हणून प्राइम-९५ लावायचं. जॉर्ज वोल्टमन यांनी १९९६ मध्ये मोठमोठ्या मूळ संख्या जगभरच्या कॉम्प्युटरांवर शोधायचा उपक्रम सुरू केला, त्याचा हा प्रोग्राम. एका चुकलेल्या बिटने आठवड्यांची आकडेमोड वाया जाते, म्हणून त्यात कॉम्प्युटरला छळून बघायची सोय ठेवलेली आहे. गणित चुकलं की तो थांबतो आणि सांगतो, राउंडिंग ०.५ आलं, ०.४ पेक्षा कमी अपेक्षित होतं. मेमटेस्टमध्ये रात्रभर निर्दोष ठरलेली मशीन इथे चहा संपेपर्यंत पडलेली मी बघितली आहेत. काका त्या संदेशावर बेहद्द खूश. अपेक्षित किती, आलं किती, दोन्ही आकडे दिलेत; ‘काहीतरी बिघडलंय’ अशी मोघम तक्रार नाही.

आकुर्डीत लांब चाचणी लावणं हेही एक शास्त्र होतं. इकडच्या कारखान्यांना आठवड्याची सुटी गुरुवारी, आणि वीज मंडळाची दुरुस्तीची कामंही गुरुवारीच. काकांना वेळ गुरुवारी, आणि वीज जायची गुरुवारीच! त्यामुळे बुधवारी संध्याकाळी चाचणी लावायची आणि गुरुवारी सकाळी वीज जायच्या आत काकांनी येऊन निकाल बघायचा, असा पायंडा पडला. येताना काकूंनी दिलेला डबा असायचा. पुढे लोडशेडिंगची वर्षं आली तेव्हा यूपीएसच्या बॅटऱ्यांची चाचणी आपोआपच झाली.

वेगाचं प्रकरण त्यांनी आणखी कडक हाताळलं. डीडीआर-२ मेमरी आली तेव्हा एक विद्यार्थी सांगत आला, माझी मेमरी आता दुप्पट वेगवान. आधी डीडीआर-४०० होती, सीएल २ ची. आता डीडीआर-२ ८००, सीएल ५. काकांनी मला सीएल म्हणजे काय ते विचारलं आणि खिशातल्या चिठ्ठीच्या पाठीवर हिशोब मांडला. जुन्या मेमरीचं घड्याळ २०० मेगाहर्ट्झ, म्हणजे एक ठोका पाच नॅनोसेकंदांचा. मागितलेली माहिती यायला दोन ठोके, म्हणजे दहा. नव्या मेमरीचा ठोका अडीच नॅनोसेकंदांचा, पण लागतात पाच, म्हणजे साडेबारा. “पहिला नग तर उशिराच येतोय बाबा. दुप्पट काय झालं?” दुप्पट झाला होता तो एकदा सुरू झाल्यावरचा ओघ: सेकंदाला ३.२ गिगाबाइटच्या जागी ६.४. वाट बघण्याचा वेळ आणि ओघ ही दोन वेगळी मापं आहेत, हे त्या पोराला आणि मला एकाच चिठ्ठीवर कळलं. तोच हिशोब मी आजही करून बघतो. डीडीआर-४ ३२०० सीएल १६: दहा नॅनोसेकंद. डीडीआर-५ ६००० सीएल ३०: पुन्हा दहाच. दोन दशकांत ओघ कितीतरी पटींनी वाढला, पहिल्या नगाची वाट मात्र जिथल्या तिथे.

ओघ मोजायला आम्ही स्ट्रीम नावाची चाचणी वापरायला लागलो. जॉन मॅकॅल्पिन यांनी ती १९९१ च्या सुमारास लिहिली. चार साध्या क्रिया: नक्कल, गुणाकार, बेरीज आणि दोन्ही मिळून चौथी. अट एकच, की माहितीचा ढीग प्रोसेसरच्या कॅशपेक्षा कितीतरी मोठा हवा; नाहीतर मेमरी मोजतोय असं वाटतं आणि मोजली जाते कॅश. निकालात सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त वेळेचे रकाने असतात. काका सरासरीकडे बघायचे नाहीत, थेट त्या दोन रकान्यांकडे जायचे. दोघांत फार अंतर असेल तर आकडा कितीही मोठा असो, त्यांच्या मते मशीन अजून स्थिर नव्हतं.

२००७ हे वर्ष आमच्या भागाला विसरता येणार नाही. सप्टेंबरमध्ये बजाजच्या आकुर्डी कारखान्यातलं वाहनांचं उत्पादन थांबलं. काका तिथले नव्हते, पण चाळीतल्या निम्म्या घरांचा दिवस त्या भोंग्यावर लागायचा. आणि दोनच महिन्यांनी, नोव्हेंबरमध्ये, पुण्यातल्या कॉम्प्युटेशनल रिसर्च लॅबोरेटरीज या टाटांच्या कंपनीचा ‘एका’ हा महासंगणक जगाच्या पाचशेंच्या यादीत चौथा आला, ११७.९ टेराफ्लॉप्स. सी-डॅकने पुण्यातच १९९१ मध्ये परम ८००० उभा केला होता, त्यानंतरचा हा मोठा टप्पा. पेपर घेऊन काका दुकानात आले. मला वाटलं, एक गेलं एक आलं असं काही म्हणतील. त्यांनी विचारलं, “उत्तर बरोबर आलं हे कुणी तपासलं?”

या प्रश्नाला उत्तर आहे, आणि ते मी त्यांना देऊ शकलो. त्या यादीसाठी लिनपॅक नावाचं भलंमोठं समीकरणांचं गणित सोडवतात. सोडवून झालं की आलेलं उत्तर मूळ समीकरणांत परत घालून बघतात. फरक ठरलेल्या मर्यादेत असेल तरच ‘पास’ अशी नोंद होते. शिवाय असल्या यंत्रांत मेमरी साधी नसते. बेल लॅब्जमधल्या रिचर्ड हॅमिंग यांनी १९५० मध्ये मांडलेल्या विचाराच्या आधारावर चौसष्ट बिटांमागे आठ बिट निव्वळ राखणीला ठेवलेले असतात. एक बिट फिरला तर तो जागच्या जागी दुरुस्त होतो, दोन फिरले तर निदान बोंब तरी होते. आठ बिट काम करत नाहीत, फक्त बाकीच्यांवर नजर ठेवतात, हे ऐकून काका बराच वेळ हसत होते. त्यांच्या कंपनीत इन्स्पेक्टरांना ‘उत्पादन न करणारी माणसं’ म्हणत. “म्हणजे मी तो आठातला एक,” ते म्हणाले.

२००९ मध्ये गूगलच्या हजारो सर्व्हरांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात वर्षभरात दर शंभरांतल्या आठेक मेमरी पट्ट्यांना एक तरी चूक झालेली आढळली. तोवर असल्या चुकांचं खापर बरेच जण अवकाशातून येणाऱ्या किरणांवर फोडत. अभ्यासात निघालं, की बहुतेक दोष त्याच त्या पट्ट्यांत पुन्हा पुन्हा येत होते, म्हणजे दोष वस्तूत होता. भोसरीच्या शेडमध्ये एका निवृत्तीला आलेल्या माणसाने वहीत नोंदी ठेवून हेच तर दाखवलं होतं.

काका आता नाहीत. त्यांच्या मुलीने घर आवरताना त्यांच्या वह्या मला आणून दिल्या. तारीख, मशीन, पट्टी, खाच, तापमान, निकाल, आणि शेवटच्या रकान्यात ‘पास’ किंवा ‘नापास’. ‘ठीक’ हा शब्द एकदाही नाही. २०२२ च्या जूनमध्ये बजाजने आकुर्डीच्या त्याच जागेवर चेतकचा नवा विजेवरचा कारखाना सुरू केला. काकांना तो बघायला आवडलं असतं, आणि त्यांनी पहिला प्रश्न काय विचारला असता तेही मला ठाऊक आहे.

माझ्या देण्याची यादी काकांपाशी संपत नाही. ब्रेडींच्या प्रोग्रामवरून सॅम्युएल डेमेलमीस्टर यांनी २००४ मध्ये मेमटेस्ट-८६ प्लस काढला आणि २०२२ मध्ये नव्या मशीनांसाठी नव्याने लिहिलेली त्याची आवृत्तीही मोफत मिळाली. या माणसांना आकुर्डी कुठे आहे ते माहीत नसेल. माझं घर मात्र त्यांच्या शंकेखोरपणावर चाललं. आपल्याकडे शंका काढणाऱ्याला कटकट्या म्हणतात, सगळं छान म्हणणारा लाडका होतो. माझा अनुभव उलटा आहे. माझ्या जोडकामाचं कौतुक करून गेलेल्यांची नावं आठवत नाहीत, ज्यांनी ‘कशावरून?’ विचारलं, त्यांच्यामुळे धंदा टिकला.

आता मेमरीच्या पाकिटावरच ६००० असा आकडा छापलेला असतो. तो वेग बायॉसमध्ये एक्सएमपी ही वेगाची सेटिंग चालू केल्यावर मिळतो, आणि तेही एक प्रकारचं ओव्हरक्लॉकिंगच आहे, हे घेणाऱ्याला कुणी सांगत नाही. चार पट्ट्या भरल्या की तो वेग अनेकदा टिकत नाही, हेही नाही. डीडीआर-५ च्या चिपच्या पोटात चूक दुरुस्त करायची सोय असते, पण चिपपासून प्रोसेसरपर्यंतच्या वाटेवर तिचा पहारा नसतो.

म्हणून दुकानात येणाऱ्याला मी काकांचा नियम सांगतो, तोच इथे सांगतो. खेळायचं मशीन असेल तर मार्जिन खुशाल खा, मोजून खा. हिशोब, रुग्णाचे रिपोर्ट, कारखान्याचे प्रोग्राम, मुलांचे फोटो ज्या मशीनवर आहेत, त्याचं खाऊ नका. तिथे छापील मूळ वेगच ठेवा आणि परवडत असेल तर ईसीसी, म्हणजे ती राखणीच्या आठ बिटांची, मेमरी घाला. नवी पट्टी बसवली की एक रात्र मेमटेस्टला द्या, मग प्राइम-९५ ला द्या, आणि शक्य तर ज्या खोलीत मशीन राहणार आहे तिथेच, उन्हाळ्यात, दारं लावून. एकही चूक आली तर ‘एकच तर आहे’ म्हणू नका. मेमरीच्या बाबतीत एक चूक म्हणजे नापास. दुकानदार या तपासणीला कुरकुर करत असेल तर दुकान बदला. माझ्या दुकानात तिचे पैसे घेत नाहीत.